नोंद आणि तिचा रक्षक : वऱ्हाडातील जमीन-दप्तराच्या आधारे डेटाबेस-व्यवसायातील वाढीचा विचार

सातबाऱ्याच्या जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर खातेदाराच्या नावालगत एका वर्तुळात एक अंक लिहिलेला आढळतो. संगणकावरून निघणाऱ्या उताऱ्यावर तोच अंक कंसात येतो. हा अंक फेरफाराचा होय. अमुक इसमाचे नाव या जमिनीवर कोणत्या व्यवहाराने लागले, ती नोंद केव्हा झाली आणि तिचे प्रमाणन कोणी केले, या प्रश्नांची उत्तरे गाव नमुना सहा या नोंदवहीत त्या क्रमांकाखाली सापडतात. उताऱ्याचा उपयोग करणाऱ्यांपैकी बहुतेकांची दृष्टी या अंकावर ठरत नाही. परंतु डेटाबेस-व्यवस्थापक किंवा डेव्हलपर म्हणून व्यवसायात शिरू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास त्यापासून पुष्कळ शिकता येण्याजोगे आहे, आणि त्यासाठी त्याला अमरावती-अकोल्याची वेस ओलांडावी लागत नाही.

या व्यवसायातील वाढ म्हणजे काय, याविषयी येथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांत एक ठराविक समजूत रूढ आहे. अमुक कंपनीचा डेटाबेस चालविता येतो, तमुक परीक्षेचे प्रमाणपत्र मिळाले, पुण्यात वा हैदराबादेत अमुक पगाराची जागा लागली, अशा पायऱ्यांनी ती मोजली जाते. या पायऱ्या खोट्या आहेत असे नव्हे. पोटापाण्याचा प्रश्न कोणालाच टाळता येत नाही, आणि वऱ्हाडातील शेतकरी कुटुंबातून आलेल्या मुलास तर मुळीच नाही. तथापि या मोजमापात एक उणीव आहे. सर्व्हर उभारणे, नव्या आवृत्त्या बसविणे, ठराविक वेळी बॅकअप घेणे ही जी कामे पूर्वी व्यवस्थापकाचा सारा दिवस व्यापीत, त्यांतील बरीचशी आज भाड्याने मिळणाऱ्या क्लाउड-सेवा आपोआप उरकतात. केवळ आज्ञा ठाऊक असणाऱ्याचे मोल त्यामुळे उतरले आहे. जे उरते ते निराळ्या जातीचे काम आहे : नोंद कशाची आहे हे जाणणे, ती खरी राहील अशी तजवीज करणे, आणि ती बिघडल्यास उत्तर देण्यास उभे राहणे. आज्ञा जाणण्यापासून उत्तरदायी होण्यापर्यंतचा प्रवास हीच या व्यवसायातील वाढ होय, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

फेरफाराची रीत प्रथम पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५० मध्ये ती सांगितली आहे. खरेदी, वारसा, वाटणी, बोजा यांपैकी काही घडल्याची वर्दी मिळाली की तलाठी ती प्रथम फेरफार नोंदवहीत लिहितो. नोंदीची प्रत चावडीवर लावली जाते आणि हितसंबंधितांना नोटीस जाते. हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत, म्हणजे नमुना सहा-अ मध्ये जाते व त्याची सुनावणी होते. एरवी मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि त्यानंतरच तिचा अंमल सातबाऱ्यावर दिला जातो. हस्तलिखिताच्या काळात प्रलंबित फेरफाराचा क्रमांक सातबाऱ्यावर पेन्सिलीने टिपून ठेवण्याची आणि प्रमाणनानंतर शाईने लिहिण्याची पद्धत होती. जुने नाव खोडून नाहीसे केले जात नसे. त्यास कंस करीत, म्हणजे ते वाचता येई, पण चालू नसे.

ज्याने डेटाबेसच्या अंतर्गत रचनेचा अभ्यास केला आहे, त्याला यात ओळखीची वाट दिसेल. कोणताही बदल मूळ तक्त्यात पक्का करण्यापूर्वी तो अनुक्रमाने लिहिल्या जाणाऱ्या एका नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, उतरवावयाचा. लॉग चकतीवर सुरक्षित पोहोचल्याखेरीज काम पुरे झाले असे म्हणावयाचे नाही. आणि मध्येच यंत्र बंद पडले तर लॉग वाचून पुरी झालेली कामे पुन्हा लागू करावयाची व अर्धवट राहिलेली मागे घ्यावयाची. हे तत्त्व आज बहुतेक सर्व गंभीर डेटाबेसांच्या मुळाशी आहे. जिम ग्रे यांनी १९८१ मध्ये ट्रान्झॅक्शनच्या कल्पनेचे गुण आणि मर्यादा विशद केल्या. हेर्डर आणि रॉयटर यांनी १९८३ मध्ये अखंडता, सुसंगती, विलगता व टिकाऊपणा या चार गुणांना ‘ॲसिड’ हे एकत्रित नाव दिले. सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘एरीज’ ही पुनःस्थापनेची पद्धत अनेक व्यापारी डेटाबेसांनी स्वीकारली. सातबारा म्हणजे तक्ता, नमुना सहा म्हणजे लॉग, मंडळ अधिकाऱ्याची सही म्हणजे कमिट, असे साम्य येथवर सहज जुळते.

परंतु साम्यापेक्षा भेद अधिक बोधप्रद आहे. डेटाबेसमध्ये अपुऱ्या ट्रान्झॅक्शनने केलेला बदल इतरांना दिसू नये, अशी सामान्यतः खबरदारी घेतली जाते. फेरफाराच्या रीतीत नेमके उलट आहे. अपुरी नोंद सर्वांना दिसावी म्हणूनच ती चावडीवर लावतात. गावातील कोणीतरी ती वाचावी, आणि मृताच्या वारसांत एका मुलीचे नाव राहून गेले असल्यास तिने अथवा तिच्या वतीने कोणी हरकत घ्यावी, हा त्यातील हेतू. अर्थात, कोणती स्थिती कोणाला दिसावी हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. तो व्यवहाराच्या स्वरूपातून ठरतो. डेटाबेसचे पाठ्यपुस्तक वाचून विलगतेच्या पातळ्या पाठ करता येतात. कोणत्या कामास कोणती पातळी योग्य, हे मात्र त्या कामाचा कायदा, रिवाज आणि त्यातील दुबळा पक्ष कोण हे समजल्याखेरीज सांगता येत नाही.

महाराष्ट्रातील सातबाऱ्यांचे संगणकीकरण टप्प्याटप्प्याने झाले. त्यापैकी २०१७ सालचा टप्पा अभ्यासकांच्या विशेष लक्षात राहण्यासारखा आहे. संगणकात भरलेली माहिती हस्तलिखित उताऱ्याशी तंतोतंत जुळते की नाही, हे तपासण्यासाठी त्या वर्षी गावोगाव चावडी-वाचन करण्यात आले. उतारे लोकांसमोर वाचावयाचे आणि चुका नोंदवून घ्यावयाच्या, अशी ती योजना होती. पुढे १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले. डेटाबेसच्या स्थलांतरात जुन्या व नव्या माहितीची तुलना करण्याच्या अनेक यांत्रिक युक्त्या आहेत : ओळींची संख्या मोजणे, बेरजा पडताळणे, नमुना घेऊन तपासणे. या युक्त्या अवश्य वापराव्यात. पण वडिलांचे नाव ‘रामराव’ ऐवजी ‘रामभाऊ’ पडले, ही चूक कोणत्याही बेरजेत सापडत नाही. ती रामरावांच्या मुलालाच सापडते. चावडी-वाचन ही, पाहू गेले तर, माहितीच्या धन्याकडूनच करून घेतलेली पडताळणी होती. अशी पडताळणी आपल्या प्रकल्पाच्या वेळापत्रकात बसविण्याचा आग्रह धरणारा डेव्हलपर नवशिका राहिलेला नाही, असे खुशाल समजावे.

अशा चुका सापडल्यावर काय करावयाचे, येथे या व्यवसायाची खरी कसोटी लागते. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीची तरतूद संहितेच्या कलम १५५ मध्ये आहे. तीनुसार दुरुस्तीला अधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि संबंधितांना कळविल्यावाचून ती करता येत नाही. आता अशी कल्पना करावी की, पीककर्जाची मुदत जवळ आली आहे, एका शेतकऱ्याचे नाव चुकीचे पडल्याने बँक कर्ज अडवीत आहे, आणि डेटाबेस-व्यवस्थापकाच्या हाती एका ओळीची आज्ञा आहे, जी चालविली की नाव तत्काळ दुरुस्त होईल. शेतकरी खरा आहे, चूक उघड आहे, वरिष्ठांचा फोनही आला आहे. अशा वेळी आज्ञा चालविणे हा दयाळूपणा वाटतो. परंतु जो अधिकार कायद्याने तहसीलदारालाही सुनावणीवाचून दिला नाही, तो येथे तंत्राच्या योगाने एका तंत्रज्ञाच्या बोटांत आला आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. आज ज्या वाटेने खरी चूक दुरुस्त झाली, त्याच वाटेने उद्या एखाद्या विधवेचे नाव नाहीसे होऊ शकते, आणि त्या बदलामागे फेरफाराचा अंक नसल्याने तो केव्हा व कोणी केला हे कोणालाच सांगता येणार नाही.

यास्तव प्रौढ व्यवस्थापक येथे दोन गोष्टी करतो. पहिली, तक्त्यावर थेट लिहिण्याचा अधिकार तो स्वतःकडेही ठेवीत नाही. ठेवावाच लागला, तर त्याच्या प्रत्येक वापराची नोंद त्याच्या स्वतःच्या आवाक्याबाहेरील जागी पडेल अशी व्यवस्था करतो. दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. दुरुस्तीची कायदेशीर वाट इतकी सुलभ व जलद करण्यासाठी तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांबरोबर झटतो की, आडवाटेचा मोह कोणाला पडू नये. केवळ ‘नाही’ म्हणणारा रक्षक फार काळ टिकत नाही. लोक त्याला वळसा घालतात, आणि त्यात नेहमी लोकांचाच दोष असतो असेही नाही.

क्षेत्राच्या हिशेबाकडे वळू. गाव नमुना एक, म्हणजे आकारबंद, यात प्रत्येक भूमापन क्रमांकाचे एकूण क्षेत्र दिलेले असते. त्या क्रमांकाच्या सर्व पोटहिश्श्यांच्या क्षेत्रांची बेरीज त्याच्याशी जुळली पाहिजे. हे डेटाबेसच्या भाषेत एक बंधन आहे, आणि ते मोडण्याची कारणे मोठी मनोरंजक आहेत. चार हेक्टरांचे वावर तीन भावांत सारखे वाटले, तर दोन दशांश स्थळांपर्यंत प्रत्येकास १.३३ हेक्टर येतात आणि बेरीज ३.९९ होते. हरवलेला एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, अर्थात सुमारे १,०७६ चौरस फूट. गावठाणालगत एवढ्या जागेवर घर उभे राहते. जुने एकर-गुंठे आणताना गुंठ्याला सरळ एक आर धरले, तर प्रत्येक एकरामागे जवळजवळ अर्धा आर गळतो, कारण एक एकर म्हणजे ४० गुंठे, पण ४०.४७ आर. अशा ठिकाणी क्षेत्र दशांशाच्या तरंगत्या प्रकारात न ठेवता चौरस मीटरांच्या पूर्णांकांत ठेवावे, आणि उरलेला अंश कोणाच्या हिश्श्यात टाकावयाचा याचा नियम आधीच लिहून ठेवावा. हा नियम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने मनाने ठरवावयाचा नसतो. भूमी अभिलेख खात्यातील जाणत्या माणसास विचारण्यात कमीपणा मानणाऱ्या तरुणांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

वऱ्हाडाचा इतिहास डेटाबेसच्या विद्यार्थ्यास आणखी एक धडा देतो, तो काळाचा. १९०५ सालच्या पुनर्रचनेपूर्वी वऱ्हाडात सहा जिल्हे होते, ते त्या वर्षी चार झाले. एलिचपूर जिल्हा अमरावतीत विलीन झाला, आणि एलिचपुरास आज अचलपूर म्हणतात. वाशीम जिल्हा मोडून त्याचा बराचसा भाग अकोल्यात गेला. पुढे १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा पुन्हा निर्माण झाला. राज्यही बदलत गेले : १९५६ पर्यंत मध्य प्रदेश, मग द्वैभाषिक मुंबई, १९६० पासून महाराष्ट्र. जमीन-दप्तराचा कायदा १९२८ च्या वऱ्हाड संहितेकडून १९५४ च्या मध्य प्रदेश संहितेकडे आणि तेथून १९६६ च्या संहितेकडे आला. त्यामुळे वऱ्हाडातील एकाच वावराची कागदपत्रे निरनिराळ्या नमुन्यांत आढळतात. १९५४-५५ च्या सुमाराची अधिकार अभिलेखाची नोंद आणि पेरेपत्रक यांची भाषाच सातबाऱ्याहून वेगळी आहे.

ज्या कोणी १९९७ साली जिल्ह्याचा संकेतांक गुंफून गावाची मुख्य की तयार केली असेल, त्याची पुढच्याच वर्षी काय तारांबळ उडाली असेल, याची कल्पना करता येईल. किल्लीत अर्थ भरू नये; जिल्हा, तालुका, नाव हे गावाचे बदलणारे गुण आहेत आणि ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत खरे होते हे स्वतंत्रपणे लिहून ठेवावे, हा नियम पुस्तकात एका ओळीत येतो. वाशिमाचे उदाहरण डोळ्यांसमोर असलेला विद्यार्थी तो विसरत नाही. त्यापुढील सूक्ष्म भेद असा की, एखादी गोष्ट प्रत्यक्षात केव्हा घडली आणि ती दप्तरात केव्हा आली, हे दोन काळ निरनिराळे आहेत. आजोबांचा मृत्यू १९७१ चा, वारसाचा फेरफार १९९४ चा, असे प्रसंग दुर्मिळ नाहीत. दोन्ही तारखा न ठेवणारा डेटाबेस ‘१९८० साली दप्तराप्रमाणे मालक कोण होता?’ आणि ‘१९८० साली खरोखर हक्कदार कोण होता?’ या दोन प्रश्नांना एकच उत्तर देईल, आणि न्यायालयात ते कामास येणार नाही.

नावांचा प्रश्न येथे थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण तो मराठीपुरता खास आहे. ‘वऱ्हाड’ हा शब्दच घ्यावा. त्यातील आडवा रफार युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो : एक ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरास हलन्त जोडून, आणि दुसरी साध्या ‘र’ ला हलन्त देऊन त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही शब्द सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी ते भिन्न आहेत. युनिकोडची प्रमाणित सामान्यीकरणाची पद्धतही त्यांना एक करीत नाही. परिणामी कऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडे अशी आडनावे शोधताना खातेदार ‘सापडत नाही’ असे उत्तर येऊ शकते, आणि खिडकीपुढील माणसाला आपले नाव दप्तरात नाही असे ऐकावे लागते. परदेशी पाठ्यपुस्तकांत या दोषाची चर्चा क्वचितच आढळेल. तो ज्याला आपल्या भाषेमुळे कळतो, त्यानेच तो दूर करावयाचा आहे.

बॅकअपविषयी मात्र जगाच्या अनुभवाकडे पाहावे. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवर करावयाचे काम चुकून मुख्य सर्व्हरवर केले आणि चालू डेटाबेसची माहिती पुसली गेली. बॅकअपच्या व प्रतिकृतीच्या अनेक व्यवस्था कागदावर होत्या, पण त्या घटकेला भरवशाची एकही निघाली नाही. नेहमीचा बॅकअप आवृत्तीच्या विसंगतीमुळे होतच नव्हता, आणि तो न झाल्याची सूचना देणारी पत्रेही पोहोचत नव्हती. दुसऱ्याच कामासाठी सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली प्रत उपयोगी पडली; मधल्या सहा तासांची माहिती गेली. कंपनीने हा सारा वृत्तान्त स्वतःच प्रसिद्ध केला, ही गोष्ट गौरवास्पद होय. त्यावरून दिसते ते असे की, बॅकअप घेणे हे काम नसून तो परत उभा करून दाखविणे हे काम आहे. ठराविक दिवशी, कोऱ्या यंत्रावर, घड्याळ लावून, संपूर्ण डेटाबेस उभा करण्याचा परिपाठ ज्या कार्यालयात नाही, तेथे बॅकअप आहे असे म्हणू नये. सहकारी बँका, बाजार समित्या, रुग्णालये आणि विद्यापीठांचे परीक्षा-विभाग या सर्वांना हा निकष सारखाच लागू आहे.

मग तांत्रिक ज्ञानाचे स्थान कोणते? ते पायाचे आहे, आणि पाया खोल हवा. ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेले संबंधात्मक प्रारूप मुळातून वाचावे. माहिती कोठे व कशी साठविली आहे याच्याशी ती विचारणाऱ्याचा संबंध नसावा, ही त्यातील कल्पना अर्धशतकानंतरही शिळी झालेली नाही. पॅट सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये प्रश्नाचे उत्तर काढण्याचा स्वस्त मार्ग खर्चाच्या अंदाजावरून कसा निवडावा हे दाखविले. ते समजलेला विद्यार्थी संथ चालणाऱ्या प्रश्नावर आंधळेपणाने इंडेक्स लादीत नाही. तो प्रथम डेटाबेसने काढलेली योजना वाचतो आणि ओळींचा अंदाज कोठे चुकला ते पाहतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकांपैकी एकाचे सहलेखक शामकांत नवाथे आहेत आणि दुसऱ्याचे मुंबईच्या आय.आय.टी.तील एस. सुदर्शन. ही दोन्ही पुस्तके येथील विद्यार्थ्यांच्या हाती असतात. उणीव पुस्तकांची नाही. पुस्तकातील ‘कर्मचारी’ आणि ‘विभाग’ हे दोन तक्ते परीक्षेपर्यंत पुरतात. सहा पिढ्यांचा वारसा, तीन राज्यांचे कायदे आणि दोन मोजमापे असलेले एक वावर त्या तक्त्यांत मावत नाही.

या दिशेने विभागांनी हाती घ्यावा असा एक विषय अगदी ताजा आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणीची व्यवस्था सुरू झाली. तीत गाव नमुना बारामधील पिकाची नोंद शेतकरी स्वतः, आपल्या मोबाइलवरून, छायाचित्रासह करतो. शतकाहून अधिक काळ जी नोंद महसुली सेवकाने लिहावयाची होती, तिचा लेखक बदलला. लेखक बदलला की प्रश्नही बदलतात. मोबाइलने दाखविलेली जागा शेजारच्या गटात पडत असेल, तर विश्वास यंत्रावर ठेवावा, नकाशावर की शेतकऱ्यावर? धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरात मोबाइलचे जाळे विरळ असल्याने पीक पाहिल्याची वेळ व नोंद केंद्रात पोहोचल्याची वेळ यांत अंतर पडले, तर विम्याच्या दाव्यासाठी कोणती धरावी? तुरीच्या ओळी कपाशीत असलेल्या वावराचे क्षेत्र दोन पिकांत कसे विभागावे? एखाद्या पदव्युत्तर गटाने एकच गाव निवडून, तलाठी व शेतकरी यांच्याशी बोलून, या तीन प्रश्नांपुरती तक्त्यांची रचना केली आणि ती चावडीवर त्या गावाला वाचून दाखविली, तर तिच्यातील दोष त्याच दिवशी समजतील.